खळ दिलेला कोट

तमाम रयतेला इत्तिला देण्यात येते की, निजामी अमलात चुडाव्याजवळच्या आमच्या वाडीत एक कोट आपला आपण उभा राहिला होता. कोटाला पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे. मी तिथं होते, एवढंच सांगते.

कोट आमच्या मालकांचा. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते उखाण्यात घ्यायचं असतं, आणि आग्रह झाल्याशिवाय मी उखाणा घेत नसते. मेंढरं राखता राखता मालक पलटणीत भरती झाले आणि लढाईवर गेले. ते नव्हते तेव्हा त्यांची जुनी घोंगडी मी उशाला घेऊन निजायची. घरात सांगितलं होतं, मान दुखते म्हणून. खरं तर घोंगडीला त्यांच्या अंगाचा वास होता. ती धुवायचा विषय निघाला की माझी मान जास्तच दुखायची.

लढाई संपली आणि मालक चुडाव्याच्या ठेसनावर उतरून चालत घरी आले. भर उन्हात अंगावर गुडघ्याखाली पोचणारा खाकी लोकरी कोट. कुत्र्यानं ओळखलं नाही, मेंढरं बुजली. लेक येईल म्हणून सासऱ्यांनी नवी घोंगडी विणून ठेवली होती. मालकांनी ती पाया पडून घेतली, घडी करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं गेले ते कोट घालूनच.

सासरे कोट चिमटीत धरून बघायचे. "कंच्या मेंढीची लोकर म्हणायची ही?"

"विलायती हाय, दादा."

"मंग भिजंल की लेका. खळ कुठं हाय हिला?"

खळ म्हणजे चिंचोके भिजवून, वाटून, शिजवलेली चिकट लापशी. ती चोपडली की घोंगडी ताठ होते आणि पाऊस वरच्यावर ओघळतो. सासऱ्यांच्या हातची खळ आसपासच्या वाड्यांत नावाजलेली. बिनखळीची लोकर म्हणजे त्यांना बिनतिखटाचं कालवण.

कोटाची खरी गोष्ट मालकांनी मला एकटीला सांगितली. तो त्यांचा नव्हताच. सोनपेठकडचा एक गडी तंबूत त्यांचा जोडीदार होता. थंडीच्या मुलखात त्याला ताप चढला. "मला लय गरम व्हायलंय, तू घाल," म्हणून त्यानं कोट काढून दिला. आडवा पडला तो उठलाच नाही. कॉलरला अजून त्याच्या विडीचा आणि खोबरेलाचा वास होता. रोज संध्याकाळी कोट खुंटीला अडकवताना मालक कॉलरशी नाक नेऊन जरा थांबायचे. मी तेवढ्यापुरतं तोंड चुलीकडं फिरवायची. मानदुखीवाल्या बाईला यातलं सगळं कळतं.

एकदा मालक मेंढरं घेऊन पूर्णेच्या बाजाराला गेले. उकाडा इतका की त्या दिवशी कोटही घरीच राहिला. मी रानातून सरपण घेऊन आले आणि अंगणातच थबकले. सासऱ्यांनी कोट नदीवर नेऊन आपटून धुतला होता, वरून सढळ हातानं खळ चोपडून वाळवला होता. त्याची पार फळी झाली होती. सासऱ्यांनी तो उचलून अंगणाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. कोट उभाच. छाती पुढं, बाह्या जराशा पसरलेल्या. सासरे नव्या नवरदेवाभोवती फिरावं तसे त्याच्याभोवती फिरत होते.

माझ्या डोक्यावरचं सरपण तसंच राहिलं.  जे केलं ते त्यांनी लेकासाठीच केलं होतं.

दिवेलागणीला मालक आले.

"तू माझी घोंगडी काई पांघरंनास," सासरे म्हणाले, "म्हणलं ह्याचीच घोंगडी करावी. आता कितीबी पाऊस येऊ दे."

मालक जवळ गेले. वाकून कॉलरशी नाक नेलं. तिथं आता चिंचोक्याशिवाय काही नव्हतं. ते तसेच वाकून राहिले, आणि सासऱ्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"बिघडलं का रं काई?"

मालक सरळ उभे राहिले. मग एक पाऊल मागं सरून त्यांनी कोटाला वरपासून खालपर्यंत बघितलं. एक बाही वाकडी झाली होती ती सरळ केली, गळ्याचं बटन लावलं, आणि बापाच्या नि माझ्या देखत कोटालाच म्हणाले, "आरं, उठलास की रं तू."