एका ओळीत अख्खी बाग

कुठल्या तोंडाने सांगू हो! स्वतःचा पोपट स्वतःच केलेला माणूस बघायचाय? हा बघा, तुमच्यासमोर चहा पितोय.

मी आणि मुग्धा एकाच कंपनीत, फंक्शनल लँग्वेजमध्ये कोड लिहितो. मी रत्नागिरीत घरी बसून, ती जवळच हातखंब्याला, तिच्या घरी. कोड तपासता तपासता सूत जुळलं. उरला होता तिच्या बाबांचा होकार. आणि ते म्हणे माणूस आंब्यावरून पारखतात!

आंब्याची काय चिंता? काकांची हापूसची बाग आहे. कुठली पेटी कोणाला, याचा प्रोग्रॅम मीच लिहून दिलेला. एका ओळीत! फंक्शनला फंक्शन, म्हणजे एका कामाला दुसरं काम, जोडून. मुग्धाने तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अरे, हे वाचणार कोण? एकेक पायरी एकाखाली एक लिही, तिला नाव दे."

"ही या भाषेची शान आहे! एका ओळीत अख्खी बाग!"

"बागच आहे. आत शिरायला वाट नाही!"

आता मेख ऐका. अशी ओळ चालते उजवीकडून. उजव्या टोकाचं काम आधी, डाव्या टोकाचं शेवटी. हे मी नवीन पोरांना शिकवतो, बरं का!

पहिला माल निघायचा दिवस. दारात टेम्पो भोंगा मारतोय आणि काका ओरडतायत, "मेल्या, हातखंब्याची, तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांची पेटी सगळ्यात आधी काढ!"

"एक शब्द टाकायचा, काका!" म्हणत मी तो टाकला. कुठे? ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे डावीकडे!

झालं! मशीनने मुंबईला दिलं, पुण्याला दिलं, काकांच्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा दिलं आणि मग त्याला हातखंबा आठवला. उरलं काय होतं? कॅनिंगला जाणारे डागी आंबे! खोकी सगळी सारखी, बंद, वर फक्त नंबर. मशीनने सांगितलेल्या नंबराला मी सोनेरी रिबीन बांधली आणि छाती काढून पेटी स्वतः पोचवली.

बाबांनी पेटी उघडली. एक आंबा उचलला. अंगठा सरळ आत गेला.

"हा... खास आंबा?"

मी कुठे बघतोय! मी लाडू खात होतो. "आमच्या बागेतला सगळ्यात उत्तम! तुमच्यासाठी मुद्दाम निवडलाय! प्रोग्रॅममध्ये खास नवीन शब्द टाकून!"

मुग्धाने विचारलं, "नवीन शब्द कुठे टाकलास?"

"सुरुवातीला."

"कुठल्या बाजूच्या?"

लाडू घशात अडकला हो! ती मात्र हसत सुटली. हसत हसतच तिने बाबांना सगळं समजावलं.

"म्हणजे मुलगा लबाड नाही," बाबा म्हणाले.

"छे! फक्त अतिशहाणा आहे."

आणि होकार मिळाला! मी अंगणात नाचायचाच बाकी होतो.

साखरपुड्याला काकांनी उत्तमातली उत्तम पेटी धाडली. पंगत बसली. माझ्या पानात पहिल्यांदा काय आलं? विडा! मग ताक. मग भात. बाबा कमरेवर हात ठेवून उभे. "जावईबापू, तुमच्याच पद्धतीने वाढतोय, शेवटाकडून!"

पंगत हसून लोळली. आमरस माझ्यापर्यंत येईतो पातेल्यात पळी खडखडायला लागली होती.

तेवढ्यात मुग्धा आली. माझ्या वाटीत तिने हळूच एक डागी आंबा ठेवला. त्याला तीच सोनेरी रिबीन.

"तुझ्यासाठी मुद्दाम निवडलाय!"

खाल्ला हो. मुकाट, सालीसकट!