नर, मादी आणि जोडी

पाइनच्या लाकडाला एक थंड, किंचित आंबट वास असतो. चाकणला आमच्या शेडमध्ये परदेशी यंत्रांचे रिकामे खोके उतरतात, आणि फळीतून खिळा उपटला की त्या बारीक छिद्रातून कुठल्याशा न पाहिलेल्या अरण्याचा हिवाळा बाहेर येतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच वासात, हातात कटावणी घेऊन, मी दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर बसले होते. आज शेड माझी आहे, आणि कंपन्यांच्या गेटवर जुन्या लाकडाचा भाव पाडण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. पाठीमागे माझ्या रागाविषयी काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

मोशीच्या घरी सहा फुटी काचेची टाकी ज्या चौकटीवर उभी आहे, ती याच लाकडाची. दुपारी तीनच्या सुमारास नदीकडच्या खिडकीतून ऊन तिरपं होऊन पाण्यात शिरतं, तळाची वाळू मधासारखी उजळते, आणि ओल्या काचेच्या वासात पाइनचा तो जुना वास मिसळतो. त्या वेळी मी शक्यतो घरी येते. का येते, हे मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं.

मासे मला आवडायचे ते ताटात. पण एकदा एका कंपनीत खरेदीच्या साहेबांनी मला दोन तास बसवून ठेवलं, आणि बसायच्या जागेसमोर एक टाकी होती. तिच्यात एकच मासा: नारिंगी, जाड ओठांचा, कपाळावर टेंगूळ. मी उजवीकडे सरकले की तो उजवीकडे येई. मी रागाने पाहिलं की तो गालफडं फुगवी. त्या इमारतीत त्या दिवशी माझ्याकडे नीट पाहणारा तो एकटाच होता. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, हा रेड डेव्हिल, तिकडे मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा देश आहे, तिथल्या तळ्यांतला. खोक्यांवरच्या शिक्क्यांत मी पुष्कळ देश वाचले होते. हा कधी वाचला नव्हता. लाकूड तेवढ्या दुरून येतं तर मासाही यायला काय हरकत आहे, असं वाटलं, आणि डोक्यात किडा शिरला.

शोधत शोधत पोचले ती संत तुकाराम नगरला, ज्या वसाहतीत माझं बालपण गेलं तिथेच. शेलारकाका एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, आता घरीच मासे वाढवून विकत. दोन खोल्यांचं घर, एक अख्खी भिंत टाक्यांनी भरलेली, आणि घरभर पावसाळ्यातल्या विहिरीसारखा गारवा. बोलणं मोजकं, पण टाकीत हात घालण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवण्यात एखाद्या पूजेची सावकाशी. मला एक मोठा नर आणि एक मोठी मादी हवी होती. काका म्हणाले, मोठे नेऊ नका, बोटाएवढी सहा न्या. आणखीही काहीबाही ते सांगत होते, पण माझ्या कानांनी तो आकडा पकडला आणि दार लावून घेतलं. दोन मागणाऱ्याच्या गळ्यात सहा मारणं हा प्रकार मी जन्मभर पाहत आले आहे. चार खोके मागा, समोरचा अख्खी गाडी उचला म्हणतो. मी तासभर घासाघीस केली. नर मागच्या टाकीतला सर्वांत दांडगा निवडला. मादी दुसऱ्या टाकीतली, त्याच्या निम्मीच. तिच्या शेपटीला खाच होती, ती खाच दाखवून मी तिचा भाव आणखी उतरवला.

काकांनी पिशव्यांत हवा भरली, रबर बांधलं, आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "ताई, नर दिलाय, मादी दिलीय. जोडी नाही दिली. एवढं लक्षात ठेवा."

मला हसू आलं. सौद्यात हरलेला माणूस जाता जाता असा एखादा शब्दांचा खडा टाकतोच.

चौथ्या दिवशी मादी टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे उभी तरंगत होती. पर चिंध्यांसारखे, कुशीवरचे खवले गेलेले. नर खाली वाळूत येरझारा घालत होता, आणि ती बोटभर खाली उतरली की बाणासारखा जाई. मी काकांना फोन लावून जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, दोन्ही आणा, परत घेतो. पण उचललेला माल परत टाकायचा नाही, हा माझा नेम. परत टाकला की गेटवरचा वॉचमनसुद्धा पुढच्या वेळी तुम्हाला पारखायला लागतो. मी फोन आपटला. खोटी जोडी गळ्यात मारली, हे त्यानंतर दीड वर्ष मी भेटेल त्याला सांगितलं. सांगताना दर वेळी राग नवा होई. आमच्या शेडमधले सोपानभाऊ, लातूरकडचे, एकदा घरी मोटार दुरुस्त करायला आले, नराकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, मासा तुमच्यावरच गेलाय बघा." त्यांना मी चहा दिला नाही.

मादीला मरू द्यायचं नव्हतं. एका मोडीत निघालेल्या ऑफिसच्या छतातून, ट्यूबलाइटखाली बसवतात ती चौकटी-चौकटींची पांढरी प्लॅस्टिकची जाळी मी आणली होती. ती कापून टाकीच्या मधोमध बसवली. एका बाजूला तो, एका बाजूला ती. पर हळूहळू भरून आले. शेपटीची खाच तेवढी राहिली.

आणि मग मी पाहायला लागले. मला वाटलं होतं, जाळी आड आली की तो तिला विसरेल. तो मात्र दिवसभर जाळीला चिकटून असे. तोंडाने वाळू उचलून जाळीच्या पायथ्याशी खड्डा करी. ती पलीकडून आधी लांबून, मग जवळून, मग अगदी चौकटीला ओठ लावून बघू लागली. जिला त्याने मारूनच टाकलं असतं, तिच्यापासून त्याला लांब जाववत का नव्हतं? आणि जिला पळायला आता तीन फूट जागा होती, ती तिथेच का येत होती? लाकूड पाहून मी त्याचं वय सांगते, वाळवी लागलेली फळी नुसत्या आवाजावरून ओळखते; इथे मला काहीच सांगता येत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याचा राग येत नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात तिने जाळीलगतच्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर अंडी घातली. ती तिसऱ्या दिवशी पांढरी पडली, वाया गेली. मी विचार करत बसले. शेडमध्ये करवत चालते तेव्हा भुसा वाऱ्याच्या दिशेनेच जातो. टाकीत पाणी तिच्याकडून त्याच्याकडे वाहत होतं. त्याचं बीज अंड्यांपर्यंत पोचणार कसं? मी फिल्टरचं तोंड फिरवलं. महिन्याभराने तिने पुन्हा अंडी घातली, आणि तो जाळीला कूस लावून थरथरत राहिला. या वेळी अंडी मधाच्या रंगाची राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना शेपट्या फुटल्या, आणि आठवड्याने धुरळ्यासारखा एक राखाडी ढग पाण्यात उठला.

ती पिल्लं आईच्या अंगावरचा चिकट थर टिपून खात. आणि चौकटींतून सहज आरपार जात. तिच्या कुशीला टोचून झालं की जाळी ओलांडून त्याच्या कुशीला. तो दांडगा, सगळ्या जगावर धावून जाणारा, त्या वेळी पर पसरून निश्चल उभा राही.

ते पाहून मला मोह झाला. एका सकाळी मी जाळी चार बोटं वर उचलली. पापणी लवायच्या आत तो खालून घुसला, ती नळीमागे, पिल्लं दाही दिशांना. मी जाळी दाबून परत बसवली. तिच्या नव्या पराला पुन्हा चीर गेली होती. आपण आणखी एकदा असं केलं तर ही मरेल, आणि न करण्याइतका धीर आपल्याजवळ नाही, हे मला माझ्याविषयी पक्कं माहीत आहे. म्हणून दीड वर्षानंतर मी शेलारकाकांना फोन केला.

ते बसने मोशीला आले. घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्या टोमण्याची वाट पाहत होते. उत्तर तयार होतं. टोमणा आलाच नाही. म्हणाले, जाळी कायम राहू द्या, ती जगली ती जाळीमुळे. मग पिल्लांकडे बोट केलं.

"यातली सहा वेगळी ठेवा. निवडू नका, जाळ्यात येतील ती. एकत्र वाढली की त्यांची ती निवडतात एकमेकांना. एक जोडी जमली की बाकीची काढून घ्यायची."

"बाकीची तुम्ही नेणार?"

"तेव्हा नेली असती. जोडी जमली की उरलेली परत आणून द्या, असंही त्याच दिवशी म्हणालो होतो ना तुम्हाला. आता मी टाक्या कमी करतोय, ताई. कुणालाही द्या."

मी सौदे करणारी बाई आहे; बोलणं खरं की खोटं, हे मी एकाच काट्यावर तोलते: बोलणाऱ्याला यातून काय मिळणार? मासे माझे होते, पाणी माझं, पिल्लं माझी. त्यांना काहीच मिळणार नव्हतं. आणि वाक्य पहिल्या दिवशीचंच होतं: सहा. तरी मी म्हणालेच, तेव्हा जरा ठणकावून सांगायचं होतंत. काका चहाचा कप ठेवत म्हणाले, "तुमच्यापुढं?"

ते गेल्यावर माझ्या मनात आली ती धाकटी बहीण. मी तापाने फणफणले होते तेव्हा ती म्हणाली होती, ताई, तू दोन दिवस शेडवर जाऊ नकोस, मी बघते. मला वाटलं, हिचा शेडवर डोळा आहे. आकुर्डीला राहते, इथून असं किती लांब? चार वर्षं बोलणं नाही. तिला यातून काय मिळणार होतं, हा हिशेब मी तेव्हा मनात मांडला होता, आणि उत्तर आलं म्हणून थांबले होते. आता पुन्हा विचार करते, तर ते उत्तर तिचं होतं की माझं, हे मला सांगता येत नाही.

सहा पिल्लं आता छोट्या टाकीत बोटाएवढी झाली आहेत. सगळीच अजून राखाडी, अंगावर काळे पट्टे. काका म्हणतात, वाढताना हे पट्टे झडून खालून नारिंगी रंग येतो; कुणाला लवकर, कुणाला उशिरा, आणि एखाद्याला कधीच येत नाही. कोणाला येईल हे आधी ओळखता येत नाही. मी टाकीत एक फुटकं कौल उपडं ठेवलं आहे. त्यातली दोन परवापासून दुपारच्या उन्हात त्याच एका कौलाखाली शिरतात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. माल उलटापालटा करून पाहिल्याशिवाय मी आजवर काही घरात आणलेलं नाही. पण ते कौल मी अजून उचलून पाहिलेलं नाही.