गाडी पुसायला माणूस आहे

डिसेंबरमधल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एका मोटारीने माझ्या आईला धडक दिली. आईचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. तिच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गाडी आमच्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची होती आणि ते स्वतः ती चालवत होते. गाडीच्या पुढच्या काचेवर धूळ आणि दव यांचा चिखल होता. यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं त्याच दिवशी पोलिसांच्या कागदावर आलं. शेवटचं वाक्य यायला बावीस दिवस लागले.

आम्ही कात्रजला राहतो. शेजारच्या जागेवर दोन वर्षं बांधकाम चालू आहे. भोवती हिरवी जाळी बांधली आहे, ती जागोजागी फाटली आहे. तिथली सिमेंटची धूळ रात्रभर आमच्या गाड्यांवर बसते. दिवाळीनंतर थंडी पडते, पहाटे दव येतं आणि ही धूळ ओली होते. सकाळी खाली उतरलं की पांढरी, काळी, लाल अशी कुठलीच गाडी ओळखू येत नाही, सगळ्या राखाडी. त्या ओल्या धुळीवर नुसता वायपर फिरवला की काच स्वच्छ होत नाही. पंख्याच्या आकाराचे दोन चिखलाचे पट्टे तयार होतात, एवढंच. फडकं आणि तांब्याभर पाणी घेतलं तर हे काम किती वेळाचं आहे ते मी नंतर घड्याळ लावून पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

ही दोन मिनिटं आमच्या इमारतीत कुणी देत नाही, कारण गाडी पुसायला माणूस आहे. तो घाटापलीकडच्या गावातून सायकलवर येतो. हँडलला बादली, मागे फडक्यांचं गाठोडं. आधी शेजारची इमारत उरकून तो आमच्याकडे पावणेआठला पोचतो आणि अकरा गाड्या पुसतो. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची त्यातली एक. हे गृहस्थ मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हिंजवडीला ऑफिसला जातात. सव्वासातच्या आत फाटक सोडलं नाही तर पुढे दीड तास रांगेत बसावं लागतं, म्हणून ते सात दहाला निघतात. बाकीचे दिवस ते घरून काम करतात. म्हणजे ज्या दिवशी गाडी रस्त्यावर जाते त्या दिवशी ती पुसलेली नसते, आणि ज्या दिवशी ती जागेवर उभी असते त्या दिवशी ती चकचकीत असते. ही व्यवस्था दोन वर्षं चालू होती. तीत कुणाला काही चमत्कारिक वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. मी वर्तमानपत्रात बातम्यांच्या टेबलावर काम करते, दुपारी तीनला निघते, तोवर माझी काच पुसलेली असते. ज्या दोन-चार दिवशी सकाळी निघावं लागलं, त्या दिवशी मीही वायपर दोनदा फिरवला आणि गेले.

काचेवर पाणी उडवायची सोय प्रत्येक गाडीत असते. त्या पाण्याची टाकी भरायचं काम मालकांच्या मते पुसणाऱ्याचं आणि पुसणाऱ्याच्या मते मालकांचं. त्यामुळे टाक्या रिकाम्या असतात.

त्या मंगळवारी आई सकाळची वंदना आटोपून सव्वासहाला फिरायला गेली होती. परत येताना तिने कोपऱ्यावरच्या केंद्रातून अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घेतली. ती रस्त्याच्या डाव्या कडेने फाटकाकडे येत होती. गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आमचं फाटक पूर्वेकडे उघडतं आणि त्या वेळी सूर्य नुकताच वर आलेला असतो. आईने गाडी पाहिली. गाडी क्षणभर थांबली. आपल्याला जागा देण्यासाठी थांबली, असं समजून आई पुढे झाली. गाडीही पुढे झाली. हे सगळं मला आईने सांगितलं आहे. माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं ते यानंतरचं.

वॉचमनने इंटरकॉम केला, मी खाली धावले. आई रस्त्याच्या कडेला आडवी होती, शुद्धीवर होती. दुधाची पिशवी फुटली होती. गाडी तीन पावलांवर उभी होती, सूर्य तिच्या काचेवर पडला होता आणि काच आतून पेटल्यासारखी पांढरी दिसत होती. काचेपलीकडे स्टिअरिंगही दिसत नव्हतं. मी नऊ वर्षं गुन्हेवार्ता केली आहे. जागेवर पोचल्यावर पहिला फोटो काढायचा, नंतर माणसांशी बोलायचं, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवलं आहे. माझ्या हातात फोन होता. मी फोटो काढला नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपली गाडी मागे घेतली, जागेवर लावली आणि रिक्षाने आमच्या मागून आले. पावणेआठला गाडी पुसणारा माणूस आला. गाडी जागेवर आहे म्हणजे आज साहेब घरी आहेत, असं त्याला वाटलं. त्याने नेहमीसारखी गाडी पुसली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले.

"अहो, काकू एकदम समोर आल्या."

"एकदम कशा येतील? दुधाच्या केंद्रापासून फाटकापर्यंत रस्ता सरळ आहे."

"ॲक्च्युअली, सूर्य डोळ्यांवर होता."

"तो रोज तिथेच उगवतो."

"तुम्ही आत्ता अपसेट आहात. आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? काच पुसली होती का, एवढंच सांगा."

"वायपर मारला होता ना."

या गृहस्थांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते सात वर्षं अमेरिकेच्या उत्तर भागातल्या एका शहरात होते. त्याआधीच्या कोजागिरीला गच्चीवर त्यांनी आम्हा सगळ्यांना तिथला हिवाळा अर्धा तास सांगितला होता. सकाळी गाडीवर वीतभर बर्फ असतो. तो काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नुसती काच नाही, टपावरचाही काढायचा, नाहीतर ब्रेक लावल्यावर तो घसरून पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर पडतो. "एवढंसं भोक पाडून निघालात ना, तर कॉप तिथल्या तिथे थांबवतो," असं ते म्हणाले होते. हातमोजे घालून अंधारात उभं राहून आपण एकही दिवस चुकवला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यासाठीचा ब्रश त्यांनी खाली जाऊन आणून दाखवला. लांब दांडा, एका टोकाला केस, दुसऱ्या टोकाला बर्फ खरवडायची पट्टी. आठवण म्हणून त्यांनी तो इकडे आणला होता आणि तो डिकीत असायचा. आईने तो हातात घेऊन पाहिला होता.

"आणि इथे हो?" आईने विचारलं होतं.

"इथे काय काकू, इथे माणूस आहे!"

सगळे हसले होते. मीही हसले होते.

पोलीस त्याच दिवशी अकराला आले. मी हॉस्पिटलमधून परतले तेव्हा हवालदार पार्किंगमध्ये गाडीभोवती फिरत होते. काचेत समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या.

"काच तर स्वच्छ आहे की मॅडम," हवालदार म्हणाले.

"ती पावणेआठला पुसली आहे. अपघात सात दहाला झाला."

"तुमच्याकडे फोटो आहे का?"

"नाही."

"मग जे दिसतंय तेच मी लिहिणार ना."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आम्ही एकत्र पाहिलं. कॅमेऱ्याच्या काचेवरही तोच राखाडी थर होता. सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक उजेडाचा डाग आहे आणि त्यातून काहीतरी गडद सरकतं. कॅमेरा पुसायला माणूस नाही. दोन पंचांसमोर कागदावर लिहिलं गेलं की वाहनाची पुढील काच स्वच्छ व सुस्थितीत आहे, आणि चालकाच्या म्हणण्यानुसार वृद्ध महिला अचानक वाहनासमोर आली.

आई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होती. लोकांना जुन्या नोंदींच्या नकला काढून देणं हे तिचं काम. कागदावर नाही ते झालं नाही, हे तिने टेबलाच्या अलीकडे बसून हजारो लोकांना सांगितलं होतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी तिला तो मजकूर वाचून दाखवला. ती "अचानक" या शब्दावर थांबली.

"मी आयुष्यात काही अचानक केलेलं नाही," ती म्हणाली. "हे खोडून घ्यायचं."

"आई, तुला बरं वाटू दे, मग बघू."

"मला बरं वाटायला वेळ आहे. कागद बंद व्हायला वेळ लागत नाही."

हवालदार तिचा जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये आले. तिने तारीखवार सांगितल्यासारखं सांगितलं. काच माखलेली होती, हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"गाडी थांबली तेव्हा मी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. आपण बघतोच ना, त्याने आपल्याला पाहिलं की नाही ते. मला तोंडच दिसलं नाही. नुसती पांढरी काच. ज्याचं तोंड मला दिसत नाही, त्याला माझं कसं दिसेल?"

"मग तुम्ही पुढे का झालात आजी?"

"गाडी थांबली म्हणून. काच न पुसता कुणी गाडी काढेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. ही माझी चूक. हीही लिहा."

हवालदारांनी ती लिहिली. पण एकीकडे जखमी बाईचं म्हणणं आणि दुसरीकडे पंचांनी पाहिलेली स्वच्छ काच, असे दोन कागद झाले.

आईला अकराव्या दिवशी घरी आणलं. तोवर चौथ्या मजल्यावरून दोनदा फळं आली होती. मी दोन्ही वेळा परत पाठवली. त्यानंतर गृहस्थच मला पार्किंगमध्ये भेटले. ते लॅपटॉपची बॅग डिकीत ठेवत होते. ब्रश तिथेच होता.

"तुम्ही हे फार पर्सनली घेताय," ते म्हणाले.

"हाड आईचं मोडलंय. कुणाचं समजून घेऊ?"

"अहो, ॲक्सिडेंट आहे तो."

"तिकडे रोज पंचवीस मिनिटं बर्फ काढत होतात. इथे दोन मिनिटं लागतात."

"तिकडे फाइन बसतो हो. इथे काय आहे? सगळेच असे जातात."

मी त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. त्यांनी डिकी बंद केली. तो गुरुवार होता, सात वाजून सहा मिनिटं झाली होती. ते गाडीत बसले आणि वायपर दोनदा फिरला.

आईला घरी आणून पाच दिवस झाले तेव्हा गाडी पुसणारा माणूस दारात आला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. उंबरा ओलांडून आत यायला तो तयार नव्हता. आईने वॉकर धरून उभं राहायचा प्रयत्न केला, तेव्हा तो घाईने आत आला.

"बसा मावशी, उठू नका. म्या आलोच."

तो जमिनीवर बसायला गेला. आई म्हणाली, "खुर्ची घ्या. मलाही आता खाली बसता येत नाही."

फडकं पिळावं तसे तो हात चोळत राहिला. मग म्हणाला, "म्याच पुसली वो मावशी. मला काय ठाव न्हवतं. समदे म्हणत्यात, तू पुसली म्हणून सायेब सुटले."

"तुम्ही तुमचं काम केलंत," आई म्हणाली. "काय पुसलंत, तेवढं सांगा मला."

"चिखल व्हता. नुसता पाण्यानं जाईना. वायपरनं पार लिंपून ठिवल्यावानी झाल्तं. आन् पुढं बॉनेटवर दूध सांडलेलं. मला वाटलं मांजरानं पिशवी फोडली. फडक्याला दोन दिस वास येत व्हता."

मी वही काढली. आईने मला हाताने थांबवलं.

"हे पोलिसांना सांगाल?"

"सायेब काम काढून घेत्याल."

"घेतील," आई म्हणाली. "घेणार नाहीत असं मी सांगणार नाही. तुम्ही घरी विचारा, मग ठरवा. नाही म्हणालात तरी चहा प्यायला या."

तो चहा पिऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "मावशी, ती टाकी म्या भरायला पायजे व्हती का?"

"ती ज्याची गाडी त्याने भरायची," आई म्हणाली.

अपघातानंतर बाविसाव्या दिवशी तो स्वतः चौकीवर गेला. मी बरोबर गेले नाही. मी वार्ताहर आहे आणि जखमी बाईची मुलगी आहे, या दोन्ही कारणांनी मी तिथे असायला नको, असं आईचं मत होतं. त्याचा पुरवणी जबाब दीड पानांचा आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. वाहनाच्या पुढील काचेवर चिखलाचा थर होता. तो काढण्यासाठी दोन वेळा बादलीतलं पाणी बदलावं लागलं. बॉनेटवर दूध सांडलेलं होतं. खाली त्याची सही आहे.

आईने नक्कल मागवली. चष्मा लावून तिने ती दोनदा वाचली आणि फाइलमध्ये पहिल्या कागदाच्या वर लावली. ती आता वंदना खुर्चीत बसून करते.

चौथ्या मजल्यावरची गाडी पुसायला त्या आठवड्यापासून दुसरा माणूस येतो. तो पावणेआठला येतो. मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारी गाडी सात दहाला निघते.