पोराचे पाच मार्क

ओहायो सोडून आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे, पंच्याऐंशीच्या आसपास. हे खूश, आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा मूग गिळून बसलेला. ओहायोत फुटबॉल, म्हणजे अमेरिकन धक्काबुक्कीचा, हा धर्मच. तिथल्या कोचनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि काडीपैलवान म्हणून घरी पाठवलं. निदान मित्र तरी होते, तेही तिथेच राहिले. नव्या शाळेत तो तोंडच उघडेना. टीचरनं आम्हाला बोलावून सांगितलं, असंच चाललं तर त्याला आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवावं लागेल. माझं धाबंच दणाणलं. नागपूरला माझ्या माहेरी 'नापास' हा शब्द कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नसे.

आमच्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर राहायचा. दर शनिवारी तो पार्कमध्ये पोरं जमवून त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवायचा. लांबट चेंडू, पायानं उडवायचा, हातानं ठोसा मारून पास करायचा. मला मेली ती नुसती मारामारी वाटायची. तो म्हणायचा, आमच्या मेलबर्नकडे पोर चालायला लागलं की त्याच्या हातात हाच चेंडू. बायकोच्या सिडनीकडे मात्र सगळे रग्बीवाले, तिथल्या पोरांना उडी मारून झेल घ्यायला अगदी पहिल्यापासून शिकवावं लागतं. इथली पोरं बास्केटबॉल खेळलेली, ती त्याला सोपी जायची. आमच्या चिरंजीवांचे लांब हात बघून त्यानं वजन विचारलंच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, निदान चार पोरांत मिसळेल.

एका शनिवारी पोरगा चिखलानं माखून थेट स्वयंपाकघरात शिरला.

"आई, आय गॉट फाइव्ह मार्क्स!"

पाच! माझं लाटणं हातातच राहिलं. शाळेच्या टेस्टचा निकाल लागला आणि कार्टं गेलं कामातून, दुसरं काही सुचलंच नाही.

"आउट ऑफ किती?"

तो असा हसत सुटला की खाली फरशीवरच बसला. आणि मग बोलायला लागला. लाथेनं उडवलेला चेंडू खाली पडू न देता झेलला की त्याला मार्क म्हणतात. दोन दांडगट पोरांच्या डोक्यावरून त्यानं झेलला. कोण पडलं, कुणी पाठ थोपटली, कुणी घरी बोलावलं, सगळं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तव्यावरची पोळी करपली. म्हटलं, करपू दे. माझ्या जिवात जीव आला. हळूहळू तो वर्गातही बोलायला लागला आणि कुणी त्याला मागे ठेवलं नाही, पण माझी काळजी मिटली ती त्या दुपारीच.

बोलता बोलता तो दम घ्यायला थांबला. आता पुन्हा गप्प होतो की काय, म्हणून मी डोळे पुसले आणि साळसूदपणे विचारलं, "ते सगळं खरं रे, पण आउट ऑफ किती?"