टपावरची परात

सुदाम गायकवाडच्या आवाजाबद्दल अंबरनाथच्या वस्तीत कधी कुणाची तक्रार नव्हती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा तोच द्यायचा आणि त्याला माईक लागत नसे. मग कंपनीनं त्याच्या ॲसिडच्या टँकरवर वायरलेस बसवला आणि हा आवाज चिखलोलीपाशी मरायला लागला.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. घाटात कुणाचा तरी टँकर उलटला आणि सकाळपर्यंत पत्ता लागला नाही, तेव्हा मॅनेजरनं धसका घेऊन, रीतसर परवाना काढून, आपल्या टँकरवर सीबी रेडिओ लावले. ड्रायव्हरनं निदान वांगणी गाठल्याचं ऑफिसला कळवायचं, एवढाच नियम. इतर ड्रायव्हर वांगणीहून बोलले, की टेलिफोनवर बसणाऱ्या कुंदाबाईंना ते शेजारच्या खोलीत असल्यासारखे ऐकू यायचे. सुदाम मात्र बदलापूरच्या अलीकडेच खरखरीत बुडायचा. मॅनेजरच्या मते सगळे सेट सारखे होते, म्हणजे दोष माणसात होता. सोमवारच्या खेपेला आवाज आला नाही तर टँकर दुसऱ्याला आणि सुदाम गेटवर, असं त्यांनी सांगून टाकलं. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला गेटवर स्टुलावर बसवायचं, या विचारानंच सुदामची झोप उडाली.

मेंटेनन्सचे श्रीपाद देवधर साहेब सरळ माणूस होते. त्यांनी माईक बदलला, केबलचे सांधे नव्याने डाखले, बॅटरी तपासली, अँटेनाही दुसऱ्या टँकरची आणून लावली. दर वेळी सुदाम गाडी घेऊन निघायचा आणि दर वेळी चिखलोलीला त्याची बोलती बंद व्हायची. शेवटी साहेब शिडी लावून टपावर चढले आणि बोटानं ठोकून पाहू लागले.

"गायकवाड, हे लाकूड आहे!"

"सागवान, साहेब. आपल्या कंपनीत एवढं चांगलं लाकूड दुसरं नाय."

ते खरंच होतं. बाकीच्या केबिन पत्र्याच्या. सुदामची गाडी जुनी, केबिन सुतारानं बांधलेली, वर रेक्झिन. साहेबांनी समजावलं, की अँटेनाला पायाखाली धातू लागतो. लाकडावर उभी केली तर तिचा जोर निम्मासुद्धा राहत नाही. एक रुंद पत्रा हवा, पितळेचा मिळाला तर उत्तमच. स्टोअरमधून मागवायचा तर महिना जाईल.

सोमवार सकाळी सुदामनं पितळी परात आणून दिली. साहेबांनी ती उलटीपालटी केली. काठावर नाव घातलेलं होतं: 'सौ. द्रौपदी हिस आई रखमाकडून.'

"घरी विचारलंय ना?"

"घरचीच हाय," सुदाम म्हणाला. साहेबांनी ते होकारात धरलं आणि परातीच्या बरोबर मध्ये ड्रिल चालवलं. उपडी परात टपावर बसली, तिच्यातून अँटेना वर आली, एक जाड वायर खाली चासीला गेली. त्या दिवशी वांगणी मागे पडल्यावरही सुदामचा आवाज इतका खणखणीत आला, की कुंदाबाईंना सेटचा आवाज कमी करावा लागला. गेटवरचं स्टूल टळलं.

घरी मात्र त्याला तोंड उघडवेना. रखमानं वीटभट्टीवर राबून ती परात लेकीला दिली होती आणि रखमा आता राहिली नव्हती. द्रौपदी रोज त्याच परातीत भाकरी थापायची. कधी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून त्यानं विचारलंच नाही. आता सांगितलं तर काय होईल, या भीतीनं सांगतही नव्हता.

परात दिसेना तेव्हा द्रौपदीनं सगळं घर पालथं घातलं. मग तिला आठवलं, की रविवारीच आपल्या नातवाच्या बारशाला सुंदराबाईनं ती नेली होती. सुंदराबाई शेजारच्याच खोलीत राहायची. द्रौपदीच्या दोन्ही बाळंतपणांत हीच उशाशी बसली होती. ती म्हणाली, त्याच रात्री परत दिली, ओट्यावर ठेवली. द्रौपदी म्हणाली, दिली असती तर दिसली असती. नळावर भांडण पेटलं. "माझ्या आईच्या वस्तूवर डोळा ठेवलास," असं द्रौपदी साऱ्या चाळीसमोर बोलून गेली. सुंदराबाई भरलेला हंडा तिथेच सोडून घरात गेली आणि दोघींचं बोलणं तुटलं.

सुदाम ओट्यावर बसून दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकलं. साबण सुकेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तोंड धुऊन तो कामावर निघून गेला.

पुढच्या रविवारी देवधर साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्या परातीनं यांची गाडी वाचवली. एवढी आईची आठवण तुम्ही मोठ्या मनानं दिलीत, म्हटलं स्वतः येऊन आभार मानावेत."

द्रौपदीनं त्यांना बसवलं. चहा केला. परात कुठे बसवली, कशी बसवली, सगळं नीट विचारून घेतलं. त्यांना दारापर्यंत पोचवून आत आली आणि जमिनीवर बसली. बराच वेळ रडली. सुदाम म्हणाला, "मी उद्याच काढून आणतो."

"आता भोक पाडलेली परात आणून काय करू? राहू द्या तिथंच." तिनं डोळे पुसले. "पण सुंदराबाईनं काय केलं होतं हो? तिला मी चोर ठरवलं. तुमी बसून ऐकत होतात."

सुदाम बसल्या जागेवरून साहेबांची कपबशी उचलू लागला.

"उठा."

तिनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि त्याला पुढे घातलं. सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. चाळीतली चार माणसं काम सोडून बघायला लागली. सुदामनं घसा खाकरला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," द्रौपदी मागून म्हणाली. "इथवर ऐकू येत नाय."