अल्पोचा फोन आणि हिल्लाची जागा

अल्पो मॉयलानेनला कुठल्याही बाबतीत मधलं तेवढं बरं वाटायचं. गाडी मधल्या आकाराची, कॉफी मध्यम भाजलेली, चर्चमध्ये बसायचं तर मधल्या बाकावर. सबंध नोकरीभर त्यानं सरकारी बर्फ हटवायची गाडी चालवली, तीसुद्धा रस्त्याच्या बरोबर मधून. समोरून येणाऱ्यांनी आपलं काय ते बघून घ्यावं. त्याचा जुना बटणांचा फोन मासे धरताना तळ्यात पडला, तेव्हा दूर औलूला राहणाऱ्या त्याच्या मुलीनं, सिर्पानं, "बाबा, आता तरी धड फोन घ्या," म्हणून धोसरा लावला. अल्पो शहरातल्या दुकानात गेला आणि म्हणाला, अगदी स्वस्त नको, अगदी महाग नको, मधला द्या. दुकानदारणीनं फोन ओळीनं मांडले. अल्पो दोन्ही टोकांकडून मोजत आला आणि मधोमध जो सापडला तो घेऊन घरी गेला.

चालू केल्या केल्या फोननं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. भाषा कुठली, नाव काय, बोटाचा ठसा देता का, चेहरा दाखवता का, तुम्ही कुठे आहात हे मला कळलेलं चालेल का. अल्पो सरकारी नोकरीत म्हातारा झालेला माणूस. कुणी सभ्यपणे विचारलं तर नाही कसं म्हणायचं? शिवाय फोन आपलाच, आपल्याच खिशातला. त्याला कळलं तर बिघडतं कुठे? तो प्रत्येक ठिकाणी 'हो' दाबत सुटला.

काही आठवड्यांनी दुकानानं विचारलं, फोन कसा वाटला ते आमच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहाल का? अशा विचारण्याकडे शहाणी माणसं ढुंकूनही बघत नाहीत. अल्पो मात्र चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि एका बोटानं त्यानं सगळं खरं खरं लिहिलं.

"बॅटरी दोन दिवस टिकते. कुणी फोन करत नसेल तर तीन, आणि मला कुणी करत नाही. तोंड बघून उघडतो, पण डासांची जाळी घातली की ओळख देत नाही. बोटानंही उघडतो, मासा साफ केलेल्या बोटानं नाही उघडत, त्यात त्याला दोष देता येणार नाही. पावसात भिजला तरी चालतो. सौनाच्या वाफेत नेला तर फार गरम होतंय असं लिहून बंद पडला. सौनात येऊन असली तक्रार करणारा मला आजवर भेटला नव्हता. आत एक बाई आहे, ती न विचारता हवामान सांगते. तिला बंद केलं आहे. कॅमेरा चांगला, रंग खरे येतात. नमुना म्हणून फोटो जोडला आहे."

तारे दिले पाचांपैकी चार. आमच्याकडे पाच कुणी कशालाच देत नाही. देवानं सहा दिवस खपून जग उभं केलं, त्यालाही डासांपायी चारच मिळाले असते.

फोटो होता पिकलेल्या हिल्लाचा. दलदलीत उगवणारं हे मधाच्या रंगाचं फळ वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतं, आणि कुठे मिळतं हे कुणी कुणाला सांगत नाही. आमच्या गावात माणूस बँकेचा आकडा सांगेल, आजार सांगेल, दारूच्या नशेत बायकोबद्दलही सांगेल, पण हिल्लाची जागा विचारली की ताकास तूर लागू देणार नाही. जावयाला जागा दाखवायची तर आधी नातवंडं होऊ देतात. अल्पोनंही फोटोत नुसती फळं आणि वीतभर शेवाळ घेतलं होतं. मागे झाड दिसू दिलं नाही, दगड दिसू दिला नाही. तो काही दुधखुळा नव्हता.

त्याची दलदल त्याला आईनं दाखवलेली. लग्नानंतर त्यानं ती बायकोला, आउनेला दाखवली, तीही बरीच वर्षं पारखून घेतल्यावर. मग दर उन्हाळ्यात दोघं जायची. गाडीच्या टपावर मासे धरायच्या काठ्या बांधायच्या, गावातून मुद्दाम तळ्याच्या रस्त्यानं निघायचं आणि लांबचा वळसा घालून पोहोचायचं. बादल्या भरल्या की एका पडलेल्या झाडावर बसून कॉफी प्यायची. आउने जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात तिची आठवण आली की अल्पोला घरात बसवत नसे. दलदलीत आली की बरं वाटायचं. सगळ्या जगात तेवढी एकच जागा त्या दोघांची उरली होती, आणि तिथे दुसऱ्या कुणाचे बूट उमटलेले त्याला सहन झाले नसते.

शेजारी केर्त्तू करप्पिनेन राहायची. ती निवृत्त पोस्टमन बाई, त्यामुळे गावात कुणाला कुठून पत्र येतं हे पत्र घेणाऱ्याच्या आधी तिला ठाऊक. दर उन्हाळ्यात ती कुंपणापाशी उभी राहून विचारायची, यंदा कुठे मिळाली एवढी? अल्पो हनुवटी उत्तरेकडे करून म्हणायचा, तिकडे. उत्तरेकडे म्हणजे थेट ध्रुवापर्यंत सगळं आलंच.

तो मजकूर पानावर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी केर्त्तू वेलदोड्याचा गोड पाव घेऊन त्याच्याकडे आली. आल्या आल्या तिनं पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. अगदी अल्पोसारखाच. दोन आठवड्यांपूर्वीच घेतला होता म्हणे, आणि अल्पोनं लिहिलेलं सगळं अक्षरन् अक्षर खरं होतं म्हणे.

"पण एक गोष्ट लिहायची राहिली तुझी," ती म्हणाली.

"काय?"

तिनं त्याचाच हिल्लाचा फोटो दुकानाच्या पानावरून आपल्या फोनात उतरवून घेतला होता. तो उघडून तिनं अंगठ्यानं वर सरकवला. फोटोच्या पोटातून नकाशा निघाला. वनखात्याची कच्ची वाट निघाली, ओढा निघाला, आणि दलदलीच्या बरोबर मधे एक लाल ठिपका.

 हातातला पाव अल्पोनं कॉफीत बुडवला तो वर काढायचंच विसरला. मजकुराखाली चौदा जणांनी 'उपयोगी वाटलं' असं दाबलेलं त्यानं सकाळीच पाहिलं होतं, आणि सकाळी त्याची छाती फुगली होती. आता त्याच्या डोळ्यांपुढे चौदा बादल्या आल्या.

"फोटो पानावरून काढून टाकलाय त्यांनी," केर्त्तू म्हणाली. "दुकान उघडल्याबरोबर फोन केला मी. आधी दुकानातली बाई ऐकेना, ज्याचा फोटो त्यालाच बोलू द्या म्हणाली. मग सांगितलं, मी त्याची बायको आहे, तो सौनात आहे."

"सकाळी नऊ वाजता?"

"तिनं नाही विचारलं तसं. आणि 'उपयोगी' दाबणारे ते चौदा जण फोनच्या चौकशीला आलेले, रे. त्यांना त्यात टोमॅटो दिसले असतील."

अल्पोला जरा हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. बाकीच्या चौदा जणांचं एक वेळ सोडा. ही एक तर समोरच बसली होती, आणि हिला आता सगळं कळलं होतं. तीस वर्षं हिला ध्रुवाकडे धाडलं, आणि शेवटी मधल्या दर्जाच्या फोननं गळा कापला. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुला आता जागा ठाऊक झाली."

"मला आधीपासून ठाऊक आहे."

अल्पोनं मान वर केली.

केर्त्तूनं आपल्या कपात कॉफी ओतून घेतली, मग त्याच्या. "आउनेनं सांगितली. शेवटच्या हिवाळ्यात मी तिच्याजवळ बसायची ना, तेव्हा. म्हणाली, आता हा एकटाच जाणार. पाय घसरला, पडला, तर त्याला शोधायचं कुठे? कुणालातरी माहीत हवं."

 आउनेनं जागा सांगितली याचा अल्पोला राग यायला हवा होता. तो यायची त्यानं वाट पाहिली, पण तो आलाच नाही. त्यानं कॉफीत विरघळलेला पाव चमच्यानं बाहेर काढला.

"तीन वर्षं ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला, "आणि तू गेली नाहीस?"

"मला सांगितली ती तुला शोधायला. फळं खुडायला नाही." केर्त्तूनं पावाचा तुकडा मोडला. "जाते मी वर्षातून एकदा. वाट विसरू नये म्हणून. काठापर्यंत जाते, उभी राहते, परत येते."

"ऐन दिवसांत?"

"हिवाळ्यात जाऊन वाट कशी कळेल?"

ऐन दिवसांत ती दलदल कशी दिसते हे अल्पोला माहीत होतं. सगळीकडे नुसता सोनेरी सडा. तिथे उभं राहून हात मागे घेणं त्याला स्वतःलाही जमलं नसतं.

"एकही नाही खुडलंस?"

"एक," केर्त्तू म्हणाली. "पिकलंय का बघायला."

केर्त्तूनं उरलेली कॉफी संपवली. आमच्याकडे नाचाच्या दिवशी परक्या मुलीला लग्नाचं विचारून मोकळी होणारी माणसं आहेत, पण अल्पोच्या ओठांवर जे आलं होतं ते याहून कठीण होतं. त्यानं घसा साफ केला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा घसा साफ केला.

"उद्या पहाटे निघतोय मी. तळ्याच्या रस्त्यानं जायची काही गरज नाही आता. यायचं असेल तर ये. बादली मात्र तुझी तू आण."

केर्त्तू उठली. दोघांचे कप तिनं विसळून पालथे घातले आणि दाराशी जाऊन बूट चढवू लागली.

"बादली माझ्या गाडीतच आहे," ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "तीन उन्हाळे तिथेच ठेवलीये."