चेंडूला पाय लागला तेव्हा

इंग्लंडमध्ये मी कोणतं काम केलं, हे माहेरी समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. केंब्रिजजवळच्या एका कॉलेजात मी मुलींच्या गोल्फ संघाची कोच होते, वीसेक वर्षं. भाऊ अजूनही फोनवर विचारतो, "म्हणजे शिकवायचीस तरी काय गं? चेंडू तर जागेवरच असतो." जागेवरच असतो, दादा. सगळी अडचण तीच आहे. धावत्या चेंडूपुढे विचार करायला वेळ नसतो. थांबलेल्या चेंडूपुढे माणूस नको इतका विचार करतं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं पुसून पुन्हा कपाटात लावणं हे त्यांचं आवडतं काम. त्यांना स्वतःला वाचायला बेताचंच यायचं, पण मुलांनी वाचावं म्हणून जीव टाकायचे. घरी आणलेल्या पुस्तकाला चुकून माझा पाय लागला, तर ते हातातलं काम थांबवून नुसते बघत राहायचे. मी वाकून पुस्तकाला बोटं लावून ती कपाळाला टेकवली, की मगच त्यांचं काम पुढे सुरू व्हायचं. त्यासाठी ते एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मी कदाचित विसरून गेले असते.

खो-खोच्या जोरावर मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. लग्न झालं. नवरा भूलतज्ज्ञ, त्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मागोमाग मीही आले. कॉलेजच्या क्रीडा विभागात मैदानांचं बुकिंग सांभाळायची नोकरी मिळाली. गोल्फ मी शिकले ते गावाबाहेरच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मैदानावर, एका निवृत्त पोस्टमनकडून. आधी त्याची बायको त्याच्याबरोबर खेळायची. तिची गुडघेदुखी वाढल्यावर तिच्या काठ्या रिकाम्या पडल्या होत्या, त्या त्यानं माझ्या हातात दिल्या.

अगदी पहिल्या दिवशी माझा पाय चेंडूला लागला. चेंडू हलला नाही, पण मी सवयीनं वाकले, चेंडूला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"तुझा एक फटका वाढला," म्हातारा म्हणाला.

"मी मारलाच नाही अजून."

"हात लावलास ना. खेळात असलेल्या चेंडूला मुद्दाम हात लावला, की एक फटका दंड."

मी त्याला कारण सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, "चेंडूची काही तक्रार नाही, माय डिअर. नियमाची आहे."

तेव्हापासून मी एक तोड काढली. पाय लागला, की चेंडूऐवजी आपल्या टोपीला हात लावायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बाईच्या डोळ्यांवर ऊन येतंय. इंग्लंडच्या पावसातही मला ऊन लागतं, असं बऱ्याच जणांचं मत झालं असावं.

मुलींचा संघ माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. मुलांचा सराव संपून उजेड उतरायला लागला, की मग मुलींना मैदानावर सोडायचे. मोजून तीन मुली आणि मागून आणलेल्या काठ्या. मी बुकिंगच्या खिडकीतून हे रोज पाहत होते. एक दिवस वरिष्ठांना म्हटलं, मी बघू का यांच्याकडे? ते म्हणाले, बघा की. माझी नेमणूक झाली ती एवढीच.

नव्या मुलींना पहिल्या दिवशी काठी हातात देण्याआधी मी एकच वाक्य सांगायची. या खेळात पंच तुमच्या मागे फिरत नाही; चूक झाली तर ती तुमची तुम्हीच सांगायची, आणि समोरच्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची. बाकी पकड, खांदे, कंबर हे सगळं वर्षभर चालायचं. हिवाळ्यात ओले मोजे बदलायला व्हॅनमध्ये वेगळी पिशवी असायची आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. तो चहा प्यायल्यावर पहिल्यांदा सगळ्या मुली खोकायच्या आणि पुढच्या आठवड्यात मागून घ्यायच्या. हळूहळू मुली वाढल्या, संघ एकेक पायरी चढत पहिल्या विभागात आला. कितीतरी जणी आता डॉक्टर, इंजिनियर, शिक्षिका आहेत. त्यांच्या लग्नात मी नऊवारी नेसून जाते आणि फोटोत मला मुद्दाम मध्ये उभं करतात.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी क्रीडा समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. माणूस सरळ. म्हणाले, "तुमच्यानंतर मुलींसाठी वेगळा कोच ठेवायचा, तर संघ पहिल्या विभागात असायला हवा. खाली घसरला तर मुलांचा कोचच दोन्ही संघ बघेल." म्हणजे मुली पुन्हा उतरत्या उजेडात. हे त्यांनी म्हटलं नाही, मी मनात म्हटलं. मुलींनाही सगळं माहीत होतं.

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता आणि तो जिंकला तरच आम्ही वर राहणार होतो. बाकीच्या जोड्यांचा खेळ आटोपला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. मैदानात एकच जोडी उरली होती. आमच्याकडून खेळत होती लंडनच्या हॅरो उपनगरातली एक मुलगी.

ही मुलगी आपली, मराठी. आईवडील नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले. ही मात्र जन्मापासून हॅरोची. सगळ्यांसमोर ती मला कोच म्हणायची आणि दोघीच असलो की काकू. "काकू, माझी चहा कुठे ठेवला?" असं तिचं मराठी. मी कधी सुधारलं नाही. तिचा फटका इतका सुरेख होता, की मराठी कसंही चाललं असतं.

शेवटून दुसरा होल, म्हणजे झेंडा लावलेला खड्डा; प्रत्येक होलची हारजीत वेगळी मोजतात. दोघी बरोबरीत. हिचा चेंडू उंच गवताच्या काठाला पडला होता. मी कुंपणाशी उभी होते. चेंडू नीट बघायला ती पुढे झाली आणि बुटाचं टोक चेंडूला घासलं. चेंडू हलला नाही. एवढ्याला दंड नसतो. मी श्वास सोडत होते, तोच ती वाकली, चेंडूला दोन बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

 समोरची मुलगी पलीकडे पाठ करून झेंड्याचं अंतर बघत होती. बाकी कोणी जवळपास नव्हतं. पाहिलं असेल तर फक्त मी, आणि सामना चालू असताना कोचनं तोंड उघडायचं नाही, असा स्पर्धेचा नियम.

ती सरळ झाली. आपल्या बोटांकडे तिनं जरा वेळ पाहिलं. मग हाक मारली, "एक्सक्यूज मी. माझा एक फटका वाढव. मी बॉलला हात लावला."

समोरची वळली. "का?"

"पाय लागला म्हणून."

"पाय लागला म्हणून हात लावलास?"

"सॉरी म्हणायला."

"कोणाला, बॉलला?"

"हो."

समोरची हसली, मग हिचा चेहरा बघून थांबली. "बरं," ती म्हणाली, "मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, एक फटका."

दोघीही हसल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. तो होल आम्ही त्याच एका फटक्यानं हरलो. शेवटच्या होलला बरोबरी झाली. आम्ही सामना हरलो आणि पहिल्या विभागातून खाली गेलो. या सगळ्यात तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सांगू की नको, हे डोळ्यांनीसुद्धा विचारलं नाही. कोच म्हणून माझी सगळी वर्षं मला तिथे, त्या कुंपणाशी, भरून पावली.

नंतर ती क्लबहाउसच्या पायऱ्यांवर बूट काढत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"सॉरी, काकू. तुमचा लास्ट मॅच होती."

"अगं, पण हात कशाला लावलास?"

"मी कुठे लावला? आजीनं लावला. ती तिकडे हॅरोला टीव्ही बघत बसलीये, पण पाय लागला की हात तिचाच येतो."

मी तिला माझी टोपीची तोड सांगितली. ती बघतच राहिली. "हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"मला वाटलं, तुम्हा इथल्या मुलांना असलं काही नसतं."

"काकू, आमच्याकडे लॅपटॉपला पाय लागला तरी करावं लागतं." आणि ती हसता हसता रडली. मी थर्मास उघडला.

अध्यक्ष चहाचा कप घेऊन आले. घडलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हात लावताना तिला कोणी पाहिलं होतं का?"

"मी पाहिलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मी सांगावं अशी वेळ तिनं माझ्यावर येऊ दिली नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग पायऱ्यांपाशी जाऊन त्यांनी तिच्याशी हात मिळवला. निर्णय मात्र बदलला नाही. बोलल्याप्रमाणे दोन्ही संघ एका कोचकडे गेले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शब्द पाळायला आम्हीच शिकवत होतो, मग त्यांनी पाळला तर कुरकुर कशाला.

ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी मी सहज मैदानाकडे गेले. नवा कोच लांबच्या टोकाला मुलांना शिकवत होता. अलीकडे, चांगल्या भर उजेडात, सात-आठ नव्या मुली गोल करून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर हॅरोची मुलगी. तिचं पुढचं संशोधन इथेच सुरू झालं होतं. शनिवारची सकाळ तिनं समितीकडून मुलींसाठी मागून घेतली होती. उजेडाचं मी तिच्याजवळ कधीतरी बोलले असेन. ते तिनं लक्षात ठेवलं.

काठ्या अजून पिशवीतच होत्या. ती सांगत होती, "या खेळात पंच तुमच्या मागे फिरत नाही." माझं वाक्य, शब्दन्‌शब्द. ते संपल्यावर तिनं स्वतःचं एक जोडलं. "आणि बॉलला पाय लागला, तर टोपीला हात लावा. बॉलला नको."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं विचारलं, "पण टोपीला तरी का?"

"ते त्या कोचना विचारा," ती म्हणाली आणि तिनं कुंपणाकडे बोट केलं.

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी फाटक उघडून आत गेले आणि त्यांना वडिलांपासून सांगायला सुरुवात केली.